निवाड्याआधीचा अभ्यास

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत दहावीचे शेवटचे पेपर चालू असतात, तेव्हाच मोहाची फुलं गळू लागतात. नववीची वार्षिक परीक्षा तर ऐन मोहाच्या हंगामात येते. फुलं पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं आणि रानातली जनावरं ती फस्त करतात. म्हणून शाळेत जाणारी मुलंही टोपली घेऊन अंधारातच बाहेर पडतात. आज कोणत्या झाडाखाली जायचं, कोणतं झाड आधी झडतं, अस्वलाचा वावर कुठे आहे, सोबत कोण येणार, किती वाजता परत फिरलं म्हणजे अंघोळ करून शाळा गाठता येईल, हा सगळा हिशोब चौदा-पंधरा वर्षांची मुलगी मनातल्या मनात करते. काल फुलं कमी मिळाली तर आज वाट बदलते. तिला कुणी वेळापत्रक आखून दिलेलं नसतं.

तीच मुलगी शाळेत विज्ञानाचं पुस्तक उघडते तेव्हा मात्र विचारते, ‘सर, कुठून कुठपर्यंत वाचू?’ रानात स्वतःचं काम स्वतः चालवणारी मुलगी पुस्तकापुढे आल्यावर दुसऱ्याच्या तोंडाकडे का पाहू लागते, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

आठवी ते दहावीला शिकवणाऱ्या शिक्षकांनी लिहिलेली टिपणं इथे एकत्र केली आहेत. त्यांतले काही आश्रमशाळांत आहेत, काही जिल्हा परिषदेच्या हायस्कुलांत, काही अनुदानित खासगी शाळांत. ज्याला शिक्षणशास्त्रात स्वयंनियंत्रित अध्ययन म्हणतात, त्याचा त्यांनी आपापल्या वर्गात शोध घेतला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी या अध्ययनाचे तीन टप्पे सांगितले. कामाला बसण्याआधी काय, किती आणि कसं करायचं ते ठरवणं. काम चालू असताना आपलं लक्ष आणि आपली समज यांच्यावर नजर ठेवणं. आणि काम झाल्यावर काय जमलं, काय फसलं, का फसलं हे पाहून पुढची आखणी बदलणं. तिसऱ्या टप्प्यातून पुन्हा पहिला सुरू होतो. मोह वेचणारी मुलगी हे तिन्ही टप्पे रोज सकाळी पार करते. त्यामुळे या मुलांमध्ये काहीतरी कमी आहे आणि ते आपण बाहेरून आणून द्यायचं आहे, असं धरून कामाला लागणं मला मुळातच चूक वाटतं. त्यांच्याजवळ ते आहे. शाळेत ते बाहेर पडत नाही, कारण शाळेची घडणच त्याला जागा देत नाही.

आश्रमशाळेचं उदाहरण घ्या. मूल पहिली-दुसरीत तिथे राहायला येतं. उठायची घंटा, प्रार्थनेची घंटा, जेवणाची, अभ्यासिकेची, झोपायची. संध्याकाळी अधीक्षक फेरी मारतात तेव्हा मूल पुस्तकासमोर बसलं आहे की नाही, एवढंच त्यांना दिसू शकतं. एवढ्या मुलांचं खाणंपिणं, आजारपण, हजेरी सांभाळणाऱ्या माणसाकडून याहून जास्त अपेक्षा करणं अन्यायाचं होईल. पण याचा परिणाम असा होतो, की दहा वर्षं त्या मुलाने कधी काय करायचं ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. मग ते बारावी होऊन चंद्रपूरला, नागपूरला, पुण्याला जातं. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर आदिवासी विकास विभागाच्या स्वयं योजनेतून जेवणाखाण्याचे आणि राहण्याचे पैसे बँकेत जमा होतात, आणि एका खोलीत ते पहिल्यांदा एकटं असतं. घंटा नसते. दिवस कसा चालवायचा हे त्याला कधी शिकावंच लागलेलं नसतं. पहिल्याच वर्षी परत आलेली अशी मुलं प्रत्येक तालुक्यात भेटतात आणि आपण ‘अभ्यासात कच्चे’ होतो, असंच स्वतःबद्दल सांगतात. ती कच्ची नव्हती. आपला अभ्यास आपण चालवायची संधी त्यांना फार उशिरा मिळाली.

यावरचा मार्ग शोधायला या जिल्ह्यांतल्या माणसांना फार लांब जावं लागत नाही. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा महाराष्ट्रभर पोचली. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांत ते होतं. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, त्या कार्यक्रमाला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले होते. ही हकिगत पुष्कळांना माहीत असते. त्याआधी दोन दशकांहून जास्त काळ हे गाव अभ्यास करत होतं, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते.

मेंढ्यात ग्रामसभा निर्णय घेते, तोही सर्वसहमतीने. त्या निर्णयामागची समज मात्र अभ्यास गटात तयार होते. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावातली माणसं, आणि त्यांच्यासोबत ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही पद्धत घडवली. ज्याला एखाद्या विषयात रस आहे तो अभ्यास गटात येतो, ज्याला नाही तो येत नाही. बाहेरचा जाणकार बोलावता येतो, पण तो मित्र म्हणून येतो, साहेब म्हणून नाही. जंगलावर अभ्यास झाला, कायद्यावर झाला, मधावर झाला. पोळ्याखाली जाळ करून मध काढण्याची जुनी रीत सोडून माश्या न मारता मध कसा काढता येईल, याचा शोध गावाने घेतला तो याच वाटेने. आणि सगळ्यात महत्त्वाची अट अशी, की अभ्यास गटात निर्णय घ्यायचा नाही. तिथे फक्त समजून घ्यायचं. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात हा सगळा प्रवास विस्ताराने आला आहे. हायस्कूलच्या प्रत्येक शिक्षकाने ते पुस्तक गावाच्या विकासाचं म्हणून तर वाचावंच, पण शिक्षणाचं पुस्तक म्हणूनही वाचावं, असा माझा आग्रह आहे.

अभ्यास वेगळा आणि निवाडा वेगळा, ही मेंढ्याची मांडणी मला वर्गासाठी फार मोलाची वाटते. अभ्यास गटात माणूस ‘मला हे कळलं नाही’ असं मोकळेपणाने म्हणू शकतो, कारण त्या म्हणण्याने तिथे काही हरत नाही. कुणाची बाजू पडत नाही, ठराव फिरत नाही. आपल्या वर्गात याच्या उलट असतं. प्रश्न विचारला जातो आणि त्याच दमात उत्तराची किंमतही ठरते. घटक चाचणी, सहामाही, तोंडी परीक्षा, वहीतला लाल शेरा. मुलाने तोंड उघडलं की निवाडा होतो. मग शिक्षकाने ‘समजलं का?’ विचारल्यावर वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो, ते आळशीपणाने म्हणत नाही. त्या परिस्थितीतलं ते शहाणं उत्तर आहे. वाईट एवढंच, की शिक्षकापासून लपवता लपवता काही वर्षांनी मूल आपलं न समजणं स्वतःपासूनही लपवू लागतं. मग त्याला खरंच कळेनासं होतं, की आपल्याला काय येतं आणि काय येत नाही. आणि ज्याला हे कळत नाही, त्याने अभ्यासाचं नियोजन करायचं ते कशाच्या आधारावर?

म्हणून या पुस्तिकेतली बहुतेक टिपणं एकाच गोष्टीभोवती फिरतात. आठवड्यातून एक तास असा असावा, की ज्यात काहीही तपासलं जाणार नाही. काही शिक्षकांनी त्याला अभ्यास गटाचा तास असंच नाव दिलं आहे. त्या तासाला पुस्तकं मिटतात. समजा दहावीच्या विज्ञानातलं गुरुत्वाकर्षण शिकवून झालं आहे. प्रत्येकाने कोऱ्या कागदावर त्या प्रकरणातलं आपल्याला जे आठवतं ते लिहायचं, आकृती काढायची, सूत्र लिहायचं, शब्दांनी समजावता आलं तर तसं. पंधरा-वीस मिनिटांनी पुस्तक उघडायचं आणि दुसऱ्या शाईने स्वतःच स्वतःच्या कागदावर राहून गेलेलं भरायचं, चुकलेलं खोडायचं. शेवटच्या पाच मिनिटांत एक ओळ लिहायची: यातलं पुढच्या आठवड्यात मी काय धरणार. कागद मुलाकडेच राहतो. शिक्षकाने तो गोळा करायचा नाही.

ही शेवटची अट शिक्षकांना सर्वांत जड जाते. एवढं लिहून घेतलं आणि तपासायचं नाही, हे हाताला पटत नाही. वर्गातून फिरताना नजर जातेच, आणि जाऊ द्यावी. पण कागद हातात घेतला आणि त्यावर एक खूण जरी केली, तरी पुढच्या आठवड्यापासून मुलं तो कागद आपल्यासाठी लिहीत नाहीत, सरांसाठी लिहितात. शेजाऱ्याच्या कागदात डोकावणंही तेव्हापासून सुरू होतं. एका टिपणात हा अनुभव फार नेमका आला आहे, वाचकाने तो चुकवू नये.

पुस्तक मिटून आठवण्यावर एवढा भर का, याचं कारण प्रयोगांनी दाखवलेलं आहे. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून पुढचा वेळ तो न पाहता आठवून लिहिण्यात घालवला. पाच मिनिटांनी पाहिलं तर वाचणाऱ्यांना जास्त आठवत होतं. एका आठवड्याने पाहिलं तर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ६१ टक्के राहिलं होतं, नुसतं वाचणाऱ्यांच्या ४० टक्के. आणि आपल्या लक्षात पुष्कळ राहील असा भरवसा जास्त होता तो वाचणाऱ्यांनाच. पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा होतो आणि ओळख म्हणजेच ज्ञान, असा भास होतो. आपल्या मुलांचा बहुतेक अभ्यास याच भासात चालतो. ‘पाच वेळा वाचलं, तरी पेपरात आठवलं नाही’ असं म्हणणारा मुलगा खोटं बोलत नसतो. त्याने खरंच पाच वेळा वाचलेलं असतं. गाईडमधलं उत्तर डोळ्यासमोर ठेवून वहीत उतरवणं हाही त्यातलाच प्रकार. त्याने अक्षर सुधारतं.

एका वहीतलं पान इथे सविस्तर सांगतो. दहावीतली एक मुलगी, वर्गसमीकरणं हे प्रकरण. चाचणीत सूत्राच्या रीतीची उदाहरणं चुकली आणि तिने वहीच्या वर लिहिलं: ‘मला वर्गसमीकरण येत नाही.’ अभ्यास गटाच्या तासाला तिच्या शिक्षिकेने तिला उदाहरणं पुन्हा सोडवायला सांगितली नाहीत. चुकलेली तिन्ही उदाहरणं शेजारी-शेजारी ठेव आणि प्रत्येक कुठल्या ओळीत वाकडं गेलं तेवढी ओळ शोध, एवढंच सांगितलं. तिन्हींतही ओळ तीच निघाली. मधल्या पदाचा सहगुणक वजा पाच असला, की सूत्रात त्याच्या आधी आणखी एक वजा येतो आणि मिळून अधिक पाच व्हायला हवं. ती दर वेळी वजा पाचच लिहीत होती. पुढचा वर्ग, वर्गमूळ, भागाकार, सगळं बिनचूक होतं. तिने वरचं वाक्य खोडलं नाही. त्याच्याखाली लिहिलं: ‘मी वजाचा वजा लिहायला विसरते. सूत्रात किंमत भरताना आधी कंस टाकायचा.’

पहिल्या वाक्यावर काही करता येत नाही. येत नाही म्हणजे नाही. नशिबाला दोष द्यायचा, फार तर सगळं प्रकरण पुन्हा वाचायला घ्यायचं. दुसऱ्या वाक्यावर उद्या सकाळी काम करता येतं. चुकीकडे पाहून तिचं अचूक वर्णन करता येणं, हे या सगळ्या कौशल्याचं मर्म आहे असं मी मानतो. नियोजन, वेळापत्रक वगैरे गोष्टी त्यानंतर येतात. म्हणूनच जूनअखेरीस शाळा उघडली, की रंगीत पेनांनी आखून भिंतीवर चिकटवलेली वेळापत्रकं पोळ्यापर्यंतही टिकत नाहीत. त्यांत पहाटे पाच ते सहा गणित असं लिहिलेलं असतं. गणितातलं काय, कशासाठी, हे नसतं.

गावातल्या मोठ्या भावांकडे बघितलं तर हेच दुसऱ्या बाजूने दिसतं. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं गडचिरोलीच्या प्रत्येक तालुक्यात पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. त्यातल्या कुणालाही विचारा, गेल्या सोमवारी किती वेळ लागला होता, आज किती लागला, कोणत्या फेरीत दम लागतो, गोळा फेकताना पाय कुठे चुकतो. सगळं तोंडपाठ असतं, मोबाइलमध्ये मांडून ठेवलेलं असतं, आणि त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशीचा सराव बदललेला असतो. त्याच मुलाला लेखी परीक्षेची तयारी कुठवर आली असं विचारलं तर उत्तर येतं, ‘वाचन चालू आहे.’ धावण्यात घड्याळ हातात असतं, ते खोटं बोलत नाही आणि अपमानही करत नाही. पुस्तकाच्या बाबतीत असं घड्याळ त्याला कुणी दिलेलं नाही. कोरा कागद हे ते घड्याळ होऊ शकतं. दुर्गम गावांत आता वाचनालयं उभी राहत आहेत, गडचिरोली पोलिसांचा ‘एक गाव, एक वाचनालय’ हा उपक्रम त्यातलाच. तिथे पुस्तकांसोबत हा एक कागद पोचला, तर त्या खोल्यांचा उपयोग कितीतरी पटीने वाढेल.

आणखी एक छोटा उपाय अनेक टिपणांत आला आहे. चाचणीचा पेपर लिहून झाल्यावर, देण्याआधी, मुलाने कोपऱ्यात आपल्याला किती गुण मिळतील याचा अंदाज लिहायचा. पेपर परत मिळाला की दोन्ही आकडे शेजारी येतात. हुशार मुलं स्वतःला थोडं कमी धरतात आणि मागे पडलेली मुलं बरंच जास्त धरतात, असा जगभरचा अनुभव आहे. दोन-तीन चाचण्यांत अंदाज आणि गुण जवळ येऊ लागले, तर गुण वाढले नसले तरी मोठं काम झालं आहे, कारण आता मूल स्वतःला ओळखू लागलं.

विदर्भाला हा विचार परका नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची मांडणी झाली आणि सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम यांनी ती शाळा चालवली. हाताने खरं काम करायचं आणि त्या कामातून उठलेले प्रश्न सोडवताना गणित, विज्ञान शिकायचं. त्या शाळेत वाढलेले डॉ. अभय बंग पुढे गडचिरोलीत आले, डॉ. राणी बंग यांच्यासह त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली आणि आपल्या त्या शाळेबद्दल त्यांनी फार आपुलकीने लिहिलं आहे. भामरागड तालुक्यात हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तीन वर्षांनी तिथे शाळा आली, आणि माडिया मुलांच्या ज्या पिढीला शाळा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, तिच्यातून डॉक्टर, शिक्षक, वकील झाले. या शाळांकडून शिकण्यासारखं खूप आहे. पण त्या झपाटलेल्या माणसांनी उभ्या केल्या. या पुस्तिकेतले शिक्षक साध्या शाळांतले आहेत, त्यांच्या हातात आठवड्याचा एक तास आहे, आणि त्या एका तासाचं काय करता येतं एवढंच ते सांगतात.

भाषेबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. अभ्यास करताना माणूस स्वतःशी बोलत असतो: हे कळलं का, आता पुढे काय, इथे अडलो. हे बोलणं मूल ज्या भाषेत विचार करतं त्याच भाषेत होणार. एटापल्ली-भामरागडमध्ये ती माडिया आहे, धानोरा-कोरचीकडे गोंडी किंवा छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, जिवती-कोरपन्यात कोलामी, आणि झाडीपट्टीतल्या मराठी घरांतसुद्धा पाठ्यपुस्तकाची मराठी नाही, झाडीबोली आहे. आपण मुलाला विषय मराठीतून शिकवतो, ते ठीक. पण ‘तुला यातलं काय कळलं नाही ते लिही’ असं म्हणून तेही प्रमाण मराठीत लिहायला लावलं, तर त्याचं अर्धं लक्ष शब्द जुळवण्यात जातं आणि जे सोपं लिहिता येतं तेवढंच कागदावर येतं. अभ्यास गटाच्या कागदावर मुलाने कोणत्याही भाषेत लिहावं. देवनागरीत माडिया लिहावी, शब्द मिसळावेत, चित्र काढावं. शिक्षकाला ते वाचता आलं नाही तरी चालेल, कारण तो कागद शिक्षकाचा नाहीच. हीच मुभा गटात बोलतानाही द्यायची. तीन-चार मुलं एकत्र बसून धाराविद्युत गोंडीत समजावून घेत असतील, तर मराठीत बोला म्हणून त्यांना टोकू नये.

वेळेचंही असंच. सावली, सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीकडच्या किती गावांत वाघाच्या भीतीने अंधार पडायच्या आत घर गाठावं लागतं. मुली मानव विकास कार्यक्रमाच्या बसने ये-जा करतात, बस चुकली तर दिवस गेला. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा ठिकाणी दहावीच्या निकालासाठी जादा तास हा एकच इलाज सांगत राहणं म्हणजे मुलांच्या परिस्थितीकडे पाठ फिरवणं आहे. अभ्यास मुलाबरोबर घरी गेला पाहिजे, आणि घरी जो वेळ खरोखर आहे त्यात बसला पाहिजे. रोवणीच्या दिवसांत मुलीला संध्याकाळी पाणी, चूल, लहान भावंडं उरकून जेमतेम पाऊण तास मिळत असेल, तर नियोजन पाऊण तासाचं करावं. पाऊण तासात काय होईल हे तिने ठरवावं आणि दुसऱ्या दिवशी ते झालं का हे तिनेच पाहावं. चार तासांचं वेळापत्रक करून रोज स्वतःला दोषी ठरवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. घरच्यांनाही एक विनंती या टिपणांत आहे. ‘अभ्यास केला का?’ असं विचारलं की ‘हो’ एवढंच उत्तर येतं. ‘आज कशात अडलीस?’ असं विचारावं. आई शाळेत गेलेली नसली तरी हा प्रश्न ती विचारू शकते, आणि पोरीचं उत्तर ऐकत बसणं यासारखा दुसरा आधार नाही.

हे सगळं वाचून कुणी असा अर्थ काढला, की मुलं स्वतः शिकू शकतात तर विषयशिक्षकाची जागा रिकामी राहिली तरी हरकत नाही, तर तो या शिक्षकांच्या श्रमाचा अपमान ठरेल. गणिताचा शिक्षक नसलेल्या शाळेत स्वयंअध्ययनाचं नाव घेणं हा मुलांवर अन्याय आहे. ज्याला विषय पक्का येतो आणि मूल नेमकं कुठे अडेल हे ज्याला आधीच दिसतं, त्यालाच हळूहळू हात काढून घेता येतो. सुरुवातीला शिक्षकाने स्वतः फळ्यापुढे उभं राहून मोठ्याने विचार करून दाखवावा लागतो: हे उदाहरण मी वाचलं, यात काय दिलं आहे, काय काढायचं आहे, मला आधी कोणती रीत सुचली, ती का सोडली. पुढे दोघांनी मिळून, मग गटाने, मग एकट्याने. काही मुलांना हे सहा महिन्यांत जमतं, काहींना दोन वर्षं लागतात. त्यामुळे मोबाइल हातात देऊन ‘व्हिडिओ बघून शिका’ म्हणणं आणि हे, यांत काहीच साम्य नाही.

पुस्तिका सलग वाचायची गरज नाही. आश्रमशाळेतल्या शिक्षकांनी अभ्यासिकेवरच्या टिपणांपासून सुरुवात करावी. अधीक्षकांनाही ती दाखवावीत, कारण संध्याकाळचे दोन तास त्यांच्या हाती आहेत. गणिताच्या शिक्षकांना चुकांच्या पानांवरचा भाग आधी वाचावासा वाटेल. मुख्याध्यापकांना एकच सांगणं आहे: हा प्रयोग दहावीवर सुरू करू नका. त्या वर्षी निकालाची टांगती तलवार असते, आणि न तपासलेला एकेक कागद शाळेला वाया गेलेला वाटू लागतो. नववी घ्या. पहिली घटक चाचणी झाली, पेपर मुलांच्या हातात परत आले, की त्याच आठवड्यात पहिला तास ठेवा. कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा, दोन रंगांच्या शाई, आणि तास संपल्यावर कागद मुलांच्या दप्तरात परत.